पाटीवरचं नाव

कमलनगर
चैत्र शुद्ध दशमी, शके १८६२

राजूअक्का,

सोजराचा नमस्कार. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचे भाऊ गेल्यापासून तुमच्याकडून आलेलं हे पहिलंच पत्र. त्यात माझी विचारपूस एका ओळीत उरकली आहे, बाकी सगळे डॉक्टरीणबाईचे प्रश्न आहेत. चालेल. पद्मा तुमच्या घरी नौबादला आहे ती त्या बाईंना दाखवायलाच आहे, तेव्हा उत्तरं देणं माझं काम आहे. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे किशनराव वाचून दाखवणार. किशनराव, तुमच्या आईला सगळं वाचून दाखवा, गाळू नका.

पोरगी केव्हापासून अडखळते, असं विचारलंय. चौथं सरलं तेव्हापासून. त्याआधी तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी बोलायची.

कोणत्या अक्षराला अडते? प सगळ्यात वाईट. मग ब. बाकीची दिवसमानावर आहेत. कधी सरळ जातात, कधी नाही.

कुणाशी बोलताना अडत नाही? म्हशीशी. आणि दुपारी मी बायकांना पोथी वाचून दाखवते, तेव्हा माझ्या जोडीनं वाचताना अडत नाही. आम्हा दोघींचा आवाज मिळून निघतो. डॉक्टरीणबाईंना हे नीट सांगा, माझ्या जोडीनं अडत नाही.

अडली की काय करते? डोळे मिटते. उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रोवते. ओठ नुसते मिटून राहतात, आतून कुणी दार लावून घेतल्यासारखे.

शब्द चुकवते का? चुकवते. दुकानात पोहे आणायला पाठवली तर चुरमुरे घेऊन येते, कारण चुरमुरे तिला म्हणता येतात. आमच्या घरात काय शिजायचं ते तिच्या जिभेनं ठरतं. पाणी ती कधी मागत नाही. तांब्याकडे बघते, मी देते. आईला कळतं.

यानं तिचं काय अडलं, असाही प्रश्न आहे. लोक तिला अर्धवट समजतात. बहिऱ्याशी बोलावं तसं तिच्याशी ओरडून बोलतात. माघात उदगीरचे पाहुणे आले होते. "नाव काय बाळ तुझं?" तिनं ओठ मिटले. अंगठा रोवला. मीच म्हटलं, पद्मा. "शिवणटिपण येतं का?" मीच म्हटलं, येतं. मुलाची आई हसली आणि म्हणाली, "व्हय? तर मग तुम्हीच करून घ्या की लगीन." खाऊन पिऊन गेले, निरोप आला नाही. हे तुमच्या कानावर गेलं म्हणून तर तुम्ही किशनरावांना पाठवून पोरगी नेलीत.

आणखी एक प्रश्न आहे, घराण्यात आधी कुणी असं होतं का. अक्का, हे मला कामून विचारता? तुमचाच भाऊ होता. तुम्हीच लिहा.

पोरगी महिन्याच्या बोलीनं दिली आहे. अक्षय्य तृतीयेला परत पाठवा.

सोजरा

कमलनगर
वैशाख वद्य द्वितीया

राजूअक्का,

अक्षय्य तृतीया झाली. आंब्याचा रस काढून वाट पाहिली. पोरगी आली नाही, पत्र आलं.

तुम्ही कळवलंत की पद्मा तुमच्या घरात कन्नड बोलते आणि कन्नडात तिची जीभ फारशी अडत नाही. शेजारच्या लिंगम्माशी नळावर घागरीवरून तिचं भांडण झालं, आणि एकदाही न थांबता तिनं लिंगम्माला गप्प केलं. तुम्ही दारात उभं राहून ऐकलंत आणि तुम्हाला हसू आवरेना.

मी ते तीनदा वाचलं. माझ्या घरात ती एकोणीस वर्षांत कधी भांडली नाही. मला वाटायचं पोरगी गरीब आहे. भांडायला जे शब्द लागतात ते तिच्याजवळ नव्हते, एवढंच होतं तर. तिचं पहिलं भांडण लिंगम्माला मिळालं. मला मिळालं नाही.

हे तुमच्या घराचं जुनंच आहे. माझं लग्न झालं त्या दिवाळीला आम्ही तुमच्याकडे आलो होतो. तोवर तुमच्या भावाचा पुरा आवाज मी ऐकला नव्हता. मला सांगायचं असलं की ते पाटी घ्यायचे. 'मीठ कमी', 'उद्या बाजार', असं लिहायचे, आणि मी अक्षरांची चित्रं ओळखत ओळखत वाचायला शिकले. मला कुणी शिकवलं नाही. नवऱ्याला बोलता येत नव्हतं म्हणून मला वाचता आलं. तर त्या दिवाळीला मी तुमच्या चुलीशी बसले होते आणि पडवीत एक माणूस खळखळून बोलत होता, कन्नडात, मध्येच हसत होता. मला वाटलं कुणी परका पाहुणा आलाय. पदर सावरून डोकावले तर हे. तुमच्यासमोर मांडी घालून, चिंचा सोलत. मला बघितलं आणि बोलणं थांबलं.

मामाकडे तुम्ही दोघं कन्नडात वाढलात, ते मला माहीत आहे. कारण माहीत असलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

आता नावाचं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा पद्मानं 'चंद्रा' सांगितलं, त्यांच्या कागदावर चंद्राच लिहिलेलं आहे, आणि तुम्ही म्हणता, "बारशाला मी कानात सांगितलेलं नाव आपसूक तोंडी आलं."

अक्का, ती पळवाट होती. पद्मा म्हणता येईना म्हणून चंद्रा म्हणाली. उद्या तिनं चुरमुरे सांगितलं असतं तर तेही ठेवलं असतंत का?

बारशाला आत्याचा हक्क असतो, तुम्ही बाळाच्या कानाशी वाकून चंद्रम्मा म्हणालात, तुमच्या आजीचं नाव. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पद्मा म्हणायला लागलो. तुम्ही आहेराचं लुगडं पाळण्यावर टाकून निघालात. "माझ्या तोंडचं नाव पुसायलीस, पोरीचं तोंड कसं उघडंल ते बघते मी." हे तुम्ही बोललात. पोरगी चौथं सरल्यावर अडखळायला लागली तेव्हा गावातल्या बायकांनी मला त्याची आठवण करून दिली. मी मानलं नाही. आजही मानत नाही. पण ऐकलं होतं ते ऐकलंच.

पोरीला पाठवा.

सोजरा

कमलनगर
ज्येष्ठ शुद्ध एकादशी

राजूअक्का,

पत्र पोचलं. म्हणजे आता पोरगी परत यायचीच नाही.

मामाची मुलगी हक्काची, हे मलाही कळतं. किशनराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहेत, देखणे आहेत, मला मामी म्हणतात तर जीव भरून येतो. दुसऱ्या कुणाच्या घरून मागणं आलं असतं तर मी गावभर साखर वाटली असती.

तुम्हाला ती आता अत्ती म्हणते. तुमच्या कन्नडात आत्याही अत्ती आणि सासूही अत्ती. लग्नानंतर तिला हाकसुद्धा बदलायला नको. सगळं किती सोयीचं आहे. तुम्ही लिहिता की लग्नात तांदळावर नाव लिहायचंच असतं, तेव्हा चंद्रम्मा लिहू, म्हणजे जन्मभर नाव सांगायचा त्रास गेला. म्हणजे पोरगीही तुमची, तिचं बोलणंही तुमचं, आणि मी ठेवलेलं नाव ताटातल्या तांदळाखाली जाणार.

ठीक आहे. पण तुम्ही किशनरावांना कन्नडातली पद्मा दाखवलीत. मराठीतली मी दाखवते. किशनराव, इथून पुढे सावकाश वाचा.

अडली की तिच्याकडे बघवत नाही. मान ताणते, शिरा दिसतात, कधी थुंकी उडते. पाहुण्याला या बसा म्हणायला उभी राहते आणि पाहुणा बसून उठायच्या बेतात असतो तरी हिचा शब्द निघालेला नसतो. चार माणसांत नेलीत तर चारही माणसं खाली बघतात. तुमच्या मालधक्क्याच्या साहेबांच्या बायका कन्नड बोलणार नाहीत.

आणि एक सांगते. तुमच्या मामांना शेवटचा ताप भरला तेव्हा मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, हलता येत नव्हतं. दहा वर्षांच्या पद्माला वैद्याकडे पिटाळलं. एवढंच सांगायचं होतं, चला. ती गेली आणि तशीच परत आली. वैद्याच्या दारात उभं राहून तिला एक शब्द बोलता आला नाही. शेजारचे आप्पाराव संध्याकाळी वैद्याला घेऊन आले, तोवर उशीर झाला होता. मी तिला कधी बोलले नाही. पण सून करताना हे माहीत असावं.

अशी बायको हवी असेल तर कळवा.

सोजरा

कमलनगर
आषाढ शुद्ध पंचमी

राजूअक्का,

किशनराव परवा येऊन गेले. ते काय बोलले ते तुम्हाला माहीत असेलच, तरी मी लिहिते, कारण हे पत्र कोण वाचतंय ते आता मला माहीत आहे.

आले ते दारातच उभे राहिले. "मामी, आत येऊ का परत जाऊ?"

"या की. चहा टाकते."

"चहा ऱ्हाऊ द्या. मामी, तुम्हाला काय वाटायलंय, तुमची पत्रं अव्वाला मी वाचून दाखवतो व्हय?"

"मग कोण?"

"मी कामावर असतो की. पद्माच वाचती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रोज मोठ्यानं वाचायचं, आणि असं कुणीतरी समोर बसायचं जे मध्ये शब्द पुरवणार नाही. किशनरावांची पुस्तकं उर्दू. तुमच्या घरात मराठी कागद म्हणजे फक्त माझी पत्रं. तेव्हा पोरगी रोज जेवणं झाल्यावर माझं पत्र घेऊन बसायची आणि तुम्ही वाती वळत समोर बसायचात. आलेलं पत्र पुढचं येईपर्यंत. रोज तेच.

माझी ती वाक्यं पोरीनं रोज म्हटली, अक्का. मान ताणते, शिरा दिसतात, हे तिनं मान ताणून वाचलं असेल. तुम्ही कळवलं होतंत की तिचं वाचन सुधारतंय, बऱ्याच ओळी आता न थांबता जातात. कोणत्या ओळी ते तेव्हा मला कळलं नाही.

"वैद्याचं आलं तेव्हा ती थांबली," किशनराव म्हणाले. "अव्वाला वाटलं अडली. अव्वा गप बसली. लई येळ गेला. मग पद्मानं कागद खाली ठेवला आन् कन्नडात म्हणली, वैद्यरु मन्याग इरलिल्ल."

वैद्य घरी नव्हते.

तेवढंच. बाकीचं तुम्ही तिला विचारून घेतलंत. घराला कडी होती. वैद्य दुसऱ्या गावाला गेले होते. ती दारात उभी राहिली, हाका मारल्या, शेजारच्या घरीही विचारलं, आणि धावत परत आली. मला सांगायला तिनं तोंड उघडलं आणि व वर अडली. मला ते आठवतं. मी मांडीवरचं डोकं न हलवता तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "बोलता आलं न्हाई व्हय तुला?" मग तिनं मान हलवली. मला वाटलं हो म्हणतेय.

नऊ वर्षं ती माझ्याजवळ हे घेऊन राहिली आणि तुमच्याकडे येऊन तीन शब्दांत बोलली.

किशनरावांना मी विचारलं, "तिनं मला कामून सांगितलं न्हाई?"

"मामी, तुम्ही कुठं सांगू देता?" असं म्हणाले आणि लगेच म्हणाले, "टाका आता चहा."

पद्मा, इथून पुढचं तुला. हे वाचताना अडलीस तर अडू दे. अत्तीला ऐकायला वेळ आहे.

तुझं नाव मी ठेवलेलं नाही. अक्कांना इतकी वर्षं वाटतंय की मी ठेवलं आणि त्यांचं पुसलं. मी वाटू दिलं, कारण मला ते बरं वाटायचं. बारशाच्या रात्री सगळे गेल्यावर तुझ्या बापानं पाटी घेतली आणि लिहिलं, पद्मा. मी म्हटलं, "अवो, हे तुम्हाला म्हणता यायचं न्हाई. तुमची जीभ प वर कशी अडती ते मला ठाऊक हाय. चंद्रम्मा बरंय की." त्यांनी मान हलवली. पाटी पुसली आणि दुसरं लिहिलं, 'तू हाक मार. मी ऐकतो.'

ते आयुष्यात एकदाही तुला नावानं बोलावू शकले नाहीत. मी अंगणातून पद्मा म्हणून ओरडले की ते जिथं असतील तिथं काम थांबवायचे. मला वाटायचं कान देऊन बघतायत पोरगी ओ देते का. ते नाव ऐकत होते.

राजूअक्का, तुमच्याकडे त्यांचं बोलणं आहे, माझ्याकडे एवढी एक पाटी आहे. आजवर कुणाला दाखवली नव्हती, आता तुमच्या घरात वाचली जातेय. माझी लग्नाला ना नाही. तांदळावर कोणतं नाव लिहायचं ते तुम्हीही ठरवू नका, मीही ठरवत नाही.

सोजरा

कमलनगर
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

राजूअक्का,

सुखरूप पोचले. मुद्दाम लिहिते, कारण माझी गाडी चुकली ते तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चुकली आणि किशनराव टांगेवाल्याला जे बोलले ते पूर्ण नौबादनं ऐकलं. टांगेवाल्याचा दोष नव्हता.

लग्न चांगलं झालं. मी विधवा, मांडवात यायचं नव्हतं, तुम्ही चुलीशी मला पाट दिलात तिथून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकलं. बघायला मिळालं नाही म्हणून तुम्हाला सांगते मी काय ऐकलं, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

तांदळाचं ताट आलं. किशनरावांच्या हातात अंगठी दिली. भटजी म्हणाले, नाव काय लिहायचं? तुमच्याकडच्या बायकांनी गलका केला, "चंद्रम्मा बरी, चंद्रम्मा." तेव्हा किशनराव म्हणाले, "तिला इचारा की. तोंड हाय तिला."

मग शांत झालं. मला तिचा प ऐकू आला. ओठ मिटल्याचा आवाज येत नाही हे मला माहीत आहे, तरी मला ऐकू आला. चुलीशी बसून माझेही ओठ मिटले. बायका सुरू झाल्या. "पारबती म्हणायली काय गं?" "न्हाई, पुतळा असंल." कुणीतरी हसलं. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. आतून एक हाक दिली असती तर सगळं उरकलं असतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

आणि तुम्ही ओरडलात, "सुम्म कुंद्री!" गप्प बसा. मग मराठीत, बहुतेक माझ्यासाठी, "शब्द तिचा हाय, येळ तिचा हाय."

बारशाचा हक्क तुमचा होता, आणि तुम्ही भरल्या मांडवात तो सोडलात. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरं सांगते, आधी हेवा वाटला. हे वाक्य मला सुचायला हवं होतं, पंधरा वर्षांपूर्वी, आणि ते तुमच्या तोंडून निघालं.

तिनं नाव सांगितलं. पहिलं अक्षर चार तुकड्यांत आलं आणि उरलेलं एकदम. तांदळात अंगठी फिरल्याची खसखस मी ऐकली. लांबून सनई सुरू झाली म्हणून पुढचं ऐकू आलं नाही.

आता गाडीचं. मी निघताना ती चुलीशी आली. टांगा दारात होता, किशनराव बाहेरून ओरडत होते, "मामी, गाडी चुकंल, मामी!" तिनं माझा हात धरला आणि मराठीत काही बोलायला तोंड उघडलं. पुन्हा प. डोळे मिटले. अंगठा रोवला, शेणानं सारवलेल्या जमिनीत खळगा पडला, तो अजून असेल तर बघा.

मला वाटलं पाणी. तांब्या माझ्या हाताशी होता. पण मला काय वाटतं त्याचा आता मला भरवसा नाही. परत कधी येशील असं विचारत असेल. पत्र लिही म्हणत असेल. वैद्याच्या दाराचं काही उरलं असेल. मी तांब्याला हात लावला नाही. तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. बाहेर घोड्यानं पाय आपटले. किशनराव आत डोकावले आणि काही न बोलता मागे सरले. लांब स्टेशनवर शिटी झाली, ती आम्ही दोघींनी ऐकली, आणि ती थांबली नाही, मीही थांबवलं नाही.

"पाणी दे," म्हणाली.

पाणीच होतं, अक्का. मी दिलं. ती प्याली आणि हसली.

तुमच्याकडे ती नीरु म्हणते, एका दमात, तुम्ही देता, काम झालं. तेवढं तुमचं. माझ्याजवळ पाणी म्हणायला तिला जेवढा वेळ लागतो, तो सगळा माझा.

सोजरा